माइंड करू नका, पण...

सदर : रोजचे शब्द



गेल्या अंकात आपण 'गेट' ह्या क्रियापदाशी झटापट केली. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातलं एक मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. रेडिंगच्या एका आजोबांचं आहे. ते लिहितात, "माझा अकरा वर्षांचा नातू दर शनिवारी आमच्याकडे असतो. काय खाणार? आय डोन्ट माइंड. बागेत जायचं की पत्ते खेळायचे? आय डोन्ट माइंड. हा मुलगा ह्या वयात विरक्त झाला आहे, की मला टोलवतो आहे, हे कृपया कळवावे."

आजोबा, तुमचा नातू विरक्त नाही आणि उद्धटही नाही. तो इथल्या रीतीप्रमाणे अगदी सभ्यपणे वागतो आहे. पण तुमच्या प्रश्नामुळे मला माझं एक जुनं, थोडं दुखरं प्रकरण आठवलं. तेव्हा ह्या वेळी 'माइंड'. माइंड म्हणजे मन, हे आपण शाळेत पाठ केलं. इथे मात्र हे मन क्रियापद होऊन येतं आणि पहिल्याच आठवड्यात आपली फजिती करतं.

माझी कशी झाली ते ऐका. १९७९ साली लग्न होऊन मी लंडनला आले आणि काही महिन्यांत एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा ऑफिसात सर्रास सिगरेटी ओढत. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्या दिवशी पाकीट काढून मला हसत विचारलं, "डू यू माइंड इफ आय स्मोक?" मी नवी, आवाजात होता नव्हता तेवढा नम्रपणा आणून म्हटलं, "येस, येस!" मला म्हणायचं होतं, 'हो हो, ओढा की.' बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि पुढची चार वर्षं माझ्यासमोर एकदाही सिगरेट पेटवली नाही. मी भलतीच करारी बाई आहे अशी माझी ख्याती झाली. काय घडलं होतं ते मला वर्षभराने कळलं. तोवर स्वच्छ हवेची सवय झाली होती, म्हणून मी खुलासा करायच्या भानगडीत पडले नाही!

अशा प्रश्नावर एक सोपा तोडगा सांगते. 'माइंड' ऐकलं की मनात 'हरकत' म्हणा. "मी इथे बसले तर तुमची हरकत आहे का?" ह्याला आपण मराठीतसुद्धा "नाही, नाही, बसा ना" असंच म्हणतो. म्हणजे 'नो, नॉट ॲट ऑल' हे खरं तर होकाराचं उत्तर. आणि दुसऱ्याला काम सांगताना 'वुड यू माइंड टु ओपन द विंडो' असं म्हणू नये. तिथे 'ओपनिंग' हवं. खिडकी आपण स्वतः उघडणार असू, तर 'वुड यू माइंड इफ आय ओपन्ड'. ह्यातला 'ओपन्ड' भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे. आपण नाही का "जरा पाणी हवं होतं" म्हणतो? तहान काल लागलेली नसते, आत्ताच लागलेली असते.

आता ह्याचे भाऊबंद पाहू. 'ऑब्जेक्ट' म्हणजेही हरकत घेणं, पण ती कागदावरची. शेजाऱ्याने घर वाढवायला काढलं आणि कौन्सिलचं पत्र आलं, तर 'आय ऑब्जेक्ट' लिहायचं. तिथे 'आय माइंड' लिहिलं तर कोणी विचारणार नाही. 'रिझेंट' म्हणजे मनात सलत राहणं. ते सहसा बोलून दाखवत नाहीत. 'बॉदर' हे तरुण मुलांचं लाडकं. 'आयम नॉट बॉदर्ड' म्हणजे 'मला काही फरक पडत नाही'. घरात ठीक आहे, मुलाखतीला जाताना नको.

सगळ्यात जपून वापरायचा तो 'केअर'. चहा की कॉफी ह्या प्रश्नावर 'आय डोन्ट माइंड' म्हणजे 'काहीही चालेल'. त्याच जागी 'आय डोन्ट केअर' म्हटलं की झालं 'मला काय त्याचं!' आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबाला हे ऐकवलं होतं. साहेब भला माणूस निघाला. त्याने कॉफी दिली आणि फरकही समजावून सांगितला.

आणखी एक गंमत. आपण मराठीतसुद्धा 'माइंड' वापरतो, पण त्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने फिरवला आहे. "माइंड करू नका हं, पण तुमची आमटी जरा खारट झालीये." "मी तसं बोलले, तर त्यांनी माइंड केलं." आपल्याकडे 'माइंड करणं' म्हणजे राग मानणं, मनाला लावून घेणं. इथे कोणाला 'प्लीज डोन्ट माइंड' म्हणून थांबलात, तर समोरचा माणूस वाट बघत राहतो, कशाबद्दल माइंड करायचं नाही म्हणून. ह्या अर्थाने त्यांच्याकडे म्हणतात 'आय होप यू डोन्ट माइंड माय सेइंग'. म्हणजे खारट आमटीची सोय त्यांच्याकडेही आहे, फक्त वाक्य पूर्ण करावं लागतं.

'माइंड' चा दुसरा मोठा संसार आहे सांभाळण्याचा. 'माइंड द स्टेप' म्हणजे पायरी जपून. 'माइंड युवर हेड' म्हणजे डोकं सांभाळा. 'माइंड हाऊ यू गो' म्हणजे सांभाळून जा. आणि 'चाइल्डमाइंडर' म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. इथे मराठीशी किती छान जुळतं पाहा. आपलं 'सांभाळणं' हे एकच क्रियापद ही दोन्ही कामं करतं. मूलही सांभाळायचं आणि वाटेतला खड्डाही. १९७७ साली आयटीव्हीवर सुरू झालेली 'माइंड युवर लँग्वेज' ही मालिका आमच्या पिढीला आठवत असेल. परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग, आणि नाव मात्र दुधारी. भाषेकडे लक्ष द्या, आणि तोंड सांभाळा. आम्ही ती हसत हसत पाहायचो आणि थोडं ओशाळायचो. कारण त्यातल्या काही चुका त्याच दिवशी आम्ही ऑफिसात करून आलेलो असायचो.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना अशा पाट्यांवर 'माइंड' पेक्षा 'वॉच' जास्त दिसतो, 'वॉच युवर स्टेप'. तिकडे 'माइंड युवर मदर' म्हणजे आईचं ऐक. आणि स्कॉटलंडमध्ये 'डू यू माइंड?' म्हणजे चक्क 'आठवतं का?' हा तिथला अर्थ फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा पूर्वज 'गेमुंड' असा होता आणि त्याचा अर्थ होता आठवण. 'रिमाइंड' मध्ये तो अजून शिल्लक आहे. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या 'मनस्' आणि 'मति' ह्यांचं मूळ एकच, असं भाषाशास्त्र सांगतं. आपलं 'मन' आणि 'मानणं' त्याच घरातलं. म्हणजे 'माइंड करू नका' आणि 'राग मानू नका' ही फार दूरची भावंडं हजारो वर्षांनी मराठी माणसाच्या तोंडात पुन्हा भेटली म्हणायची.

सांभाळणं आणि आठवणं ह्या दोन्ही अर्थांची भेट घडवणारी एक खरी गोष्ट लंडनच्या एम्बँकमेंट स्टेशनावर घडली. 'माइंड द गॅप' ही सूचना इथल्या भुयारी रेल्वेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ऐकू येते. ओस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाच्या आवाजातली ध्वनिफीत पुष्कळ वर्षं वाजत असे. हळूहळू ती बदलत गेली आणि शेवटी नॉर्दर्न लाइनच्या ह्या एका फलाटावर उरली. २००७ साली लॉरेन्स वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी त्या फलाटावर बसून राहत आणि नवऱ्याचा आवाज ऐकण्यासाठी पुढची गाडी सोडून देत. २०१२ च्या अखेरीस तिथेही नवा आवाज आला. बाईंनी रेल्वेला विचारलं, निदान ध्वनिफितीची प्रत मिळेल का? रेल्वेने प्रत तर दिलीच, शिवाय २०१३ साली तो जुना आवाज त्या फलाटावर परत आणला. बाकी सगळ्यांना तो आवाज सांगत असतो 'सांभाळा'. त्या बाईंना मात्र तो स्कॉटिश अर्थाने ऐकू येत असणार, 'आठवतं ना?'

असो. आता माझं ते दुखरं प्रकरण.

१९९४ साली आमचे मामंजी मिरजेला गेले. सासूबाई एकट्या राहिल्या. ह्यांनी फोनवर विचारलं, "आई, आमच्याकडे येशील ना?" त्या म्हणाल्या, "चालेल." आम्ही लगेच कागदपत्रांच्या मागे लागलो, तिकीट काढलं, आणि ऑक्टोबरात त्या आमच्या हॅरोच्या घरी आल्या.

सासूबाई म्हणजे सोशीक माणूस. "खाली झोपाल की वरच्या खोलीत?" "कुठेही चालेल." "दुपारी एकट्या राहाल ना?" "मला काय, चालेल." शेजारच्या आयरिश बाईंशी कुंपणावरून त्यांची खुणांची मैत्री जमली. त्यांच्याकडून सासूबाईंनी एक इंग्रजी वाक्यही उचललं, 'नो माइंड'. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! आल्यागेल्याला सांगायचो, "आमच्या आईंना कशाचंही काही नसतं. इतक्या छान रुळल्या."

जानेवारीत एका शनिवारी त्या आयरिश बाईंनी दार वाजवलं. सासूबाई वर पूजेला बसल्या होत्या. बाई आत आल्या नाहीत, दारातच हळू आवाजात बोलल्या. तुझ्या सासूबाई दिवसभर स्वयंपाकघरात कोट घालून बसलेल्या असतात. मला खिडकीतून दिसतात. थंडी वाजते का विचारलं, तर म्हणतात 'नो माइंड, नो माइंड'. आणि मग म्हणाल्या, "बट शी डझ माइंड, लव्ह."

वाचकहो, 'माइंड' हा शब्द हरकतीच्या अर्थाने बहुतेक वेळा प्रश्नात येतो, नाहीतर नकारात. 'डू यू माइंड?' 'आय डोन्ट माइंड.' सरळ होकारात तो फार क्वचित ऐकू येतो. कोणी जोर देऊन 'आय डू माइंड' म्हणालं, तर समजावं की दुखणं बरंच मुरलेलं आहे. मी तो त्या दिवशी दारात ऐकला, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून, माझ्या घरातल्या माणसाबद्दल.

उलगडा झाला तो असा. नोव्हेंबरात गॅसचं बिल पाहून हे जेवताना बोलून गेले होते, "केवढं हे बिल!" कोणाला उद्देशून नव्हे, आपण सगळेच बोलतो तसं. सासूबाईंनी ते मनात ठेवलं. सकाळी आम्ही बाहेर पडलो की त्या हीटिंग बंद करायच्या आणि मुलगी शाळेतून यायच्या आधी पुन्हा चालू करायच्या. सबंध दोन महिने.

त्या रात्री मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. "आई, तुम्हाला इथे बरं वाटत नाही का?" "छे गं, मला काय, चालतं." मी उठले नाही. पुन्हा विचारलं. "अगं, होईल सवय." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या बोलल्या. हीटिंगचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांना घर आठवत होतं. मामंजींनी लावलेल्या झाडांना पाणी कोण घालत असेल, हे डोक्यातून जात नव्हतं. पाडव्याला मिरजेत असावं असं वाटत होतं. मी म्हटलं, "मग तेव्हाच 'नको' का नाही म्हणालात?" त्यावर त्यांचं उत्तर माझ्या कानात अजून आहे.

"तुम्ही एकदाच विचारलंत गं."

आपल्या पंगतीत पहिला 'नको' हा नको नसतो, हे आपण जाणतो. वाढणारी तीनदा विचारते, आणि मग पानात पोळी पडते. होकाराचंही तसंच. पहिलं 'चालेल' म्हणजे फक्त 'तुमची अडचण नको'. पुढचं विचारायचं असतं. इंग्रज माणूस एकदा विचारतो आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. त्यातही मान आहेच. तुमचा शब्द तो खरा धरतो, मागे लागून संकोचात टाकत नाही. दोन्ही रीती आपापल्या घरी चांगल्या आहेत. आमची चूक ही की इथे पंधरा वर्षं राहून आम्ही विचारायला इंग्रजीतून शिकलो, आणि आमची माणसं उत्तर मात्र मराठीतच देत राहिली.

सासूबाई पाडव्याआधी मिरजेला परत गेल्या. ह्यांना थोडं लागलं, लोकांनीही दोन शब्द ऐकवले, "आईला परत पाठवलं म्हणे." पण त्यानंतर १९९६ आणि १९९८ च्या उन्हाळ्यात त्या आपण होऊन आमच्याकडे आल्या, दोन्ही वेळा आमच्या परसात कोथिंबीर पेरली, आणि त्या आयरिश बाईंबरोबर बाकावर बसून खुणांनी तासन्‌तास गप्पा मारल्या. २००३ साली मिरजेतच, आपल्या घरात त्या गेल्या.

तेव्हा आजोबा, नातवाला रागावू नका, पण त्याच्या 'आय डोन्ट माइंड' वर थांबूही नका. त्याला इंग्रजीत 'वुड यू रादर' ने विचारा. बाग की पत्ते, 'व्हॉट वुड यू रादर डू?' ह्या प्रश्नाला 'माइंड' ची पळवाट नसते, एक काहीतरी निवडावं लागतं. आणि मराठीत त्याला तीन पायऱ्या शिकवा. चालेल, आवडेल, हवंय. 'चालेल' वर आला की हळूच विचारायचं, "चालेल, की आवडेल?" एवढं मराठी अकरा वर्षांच्या मुलाला सहज येईल. आणि कोणी सांगावं, पुढे तुमच्याच उपयोगी पडेल.

हे मी अनुभवाने सांगते. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात ब्रिस्टलहून लेकीचा फोन आला. "आई, वुड यू माइंड मूव्हिंग इन विथ अस? कायमची." मी म्हटलं, "चालेल की." पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "चालेल, की आवडेल?" सासूबाई हॅरोच्या घरी कोट घालून बसायच्या, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने सगळं ऐकलं असणार. मी म्हटलं, "अगं, होईल सवय." ती म्हणाली, "आई, मी तिसऱ्यांदा विचारते."

मग मी खरं सांगितलं. हिवाळ्यात यायला आवडेल. पण मार्च आला की मला माझ्या घरी जायचंय. मंडळाचं वाचनालय आहे, मैत्रिणी आहेत, परसात कोथिंबीर आहे. ती म्हणाली, "बरं. आय डोन्ट माइंड."

मी लगेच विचारलं, "नक्की?"

ह्या वेळचा गृहपाठ : घरातल्या एका माणसाला आज दुसऱ्यांदा विचारा. कशाबद्दल ते तुमचं तुम्ही ठरवा. उत्तर कळवावंसं वाटलं तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर पाठवा. पुढच्या अंकात 'मॅनेज' घेऊ. तोही आपल्याकडे मिरजेहून निघतो तेव्हा एक असतो आणि हीथ्रोला उतरतो तेव्हा भलताच!

तोवर, माइंड हाऊ यू गो. सांभाळून असा.